पाच डेसिबल

यंत्राच्या टोकावरचा काळा स्पंजचा गोळा — वाऱ्याचा आवाज मोजला जाऊ नये म्हणून बसवलेला — नीट बसला आहे की नाही, हे नोरीननं तिसऱ्यांदा चाचपून पाहिलं. कुंपणापलीकडे रस्ता, रस्त्याच्या मधोमध शहराची हद्द, आणि हद्दीपलीकडे मार्टनच्या शीतगृहाचे पंखे. अलीकडचं हे लिंडहोम. त्या बाजूच्या घरांना साठ डेसिबलपर्यंत आवाज सोसायचा, या बाजूच्यांना पंचावन्नपर्यंत...

बावन्न, चोपन्न, बावन्न.

शेजारच्या शहरांचे नियम एकापुढे एक मांडून तक्ता करणं, हे लिंडहोमच्या नगरपालिकेत तिचं अठरा वर्षांचं काम — कुत्र्यांचे नियम, कुंपणांचे, कचऱ्याचे, आवाजाचे. सोमवारी सभेपुढे नवा तक्ता जायचा होता: मार्टनसारखी आपणही मर्यादा साठ करावी का? त्यासाठी बर्फात उभं राहून मोजायची काहीच गरज नव्हती. पण ज्या घराच्या परसात ती उभी होती, तिथून या आवाजाच्या तक्रारीची अकरा पत्रं तिला आली होती आणि अकराही वेळा तिनंच उत्तर धाडलं होतं — 'आवाज विहित मर्यादेत असल्याचे दिसून येते' — दिसून येते! कुणाला? मी तर इथं कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

त्रेपन्न. मग बराच वेळ त्रेपन्नच.

पत्रं लिहिणारा व्हर्जिल टॉर्केलसन नोव्हेंबरात गेला. सकाळी दहाला, कोरड्या सरळ रस्त्यावर त्याची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. ब्रेक लावल्याची खूण नव्हती. झोप लागली असावी, असं पोलिसांनी लिहिलं होतं. असावी, म्हणजे कदाचित नसेलही... या एका शब्दाच्या आधारानं नोरीननं तीन महिने काढले होते.

"अगं, आत ये, गोठशील तिथं!" मागच्या दारातून आर्डिसनं, त्याच्या बायकोनं, हाक मारली.

स्वयंपाकघर उबदार होतं. आर्डिसनं कॉफी ओतली, खजुराच्या वड्यांची बशी पुढे सरकवली. आवाज इथंही होता. मोठा नव्हताच — शेजारच्या खोलीत कुणीतरी ओठ मिटून एकच सूर धरून बसावं आणि त्याला श्वास घ्यायची गरजच पडू नये, तसा. नोरीन तो थांबायची वाट पाहू लागली, आणि आपण वाट पाहतोय हे लक्षात आल्यावरही तिला ती सोडता येईना.

"मला नाही ऐकू येत," आर्डिस म्हणाली. "कान गेलेत माझे. व्हर्जिल मात्र कानांत बोळे घालून फिरायचा. मी ओरडले की म्हणायचा, पन्नास वर्षांच्या संसारानंतर बोळ्यांचा हा एक फायदाच आहे." ती हसली आणि मध्येच थांबली. "शेवटी शेवटी चर्चच्या आवारात गाडी लावून दुपारी झोपायचा. पोरी म्हणाल्या, आई, बाबांच्या डोक्यातच आहे तो आवाज, डॉक्टरला दाखव. मी दाखवलं. तो निमूट आला माझ्याबरोबर. तेव्हापासून त्यानं आवाजाचं नाव काढलं नाही."

नोरीननं कप उचलला नाही.

"तू मोजलंस ना? मला एवढंच सांग — होता का आवाज? की मी त्याला वेड्यात काढलं, ते बरोबर होतं?"

"आहे आवाज," नोरीन म्हणाली. "त्रेपन्न."

"म्हणजे पुष्कळ?"

"आपल्याकडच्या नियमात बसतो."

"म्हणजे नाहीच की."

"आहे, आर्डिस. सहा वर्षांपूर्वी मर्यादा पन्नास होती. तेव्हाच्या नियमानं शीतगृहवाल्यांना पंखे बंद ठेवावे लागले असते."

सहा वर्षांपूर्वी — मार्चमधली दुपार, टेबलावर अर्धं खाल्लेलं सँडविच, आणि पन्नासची मर्यादा पंचावन्न करावी का, याच्या तक्त्याखाली जागा उरली म्हणून तिनं लिहिलेली दोन वाक्यं: 'शेजारील शहरांशी एकसूत्रता राखणे इष्ट. पाच डेसिबलचा फरक रहिवाशांना जाणवण्याजोगा नाही.' सभेत कुणी काही विचारलं नव्हतं. हात वर झाले, पुढचा विषय आला. तिला कुणी फसवलं नव्हतं, कुणी दडपण आणलं नव्हतं. ते वाक्य तिला नुसतं बरं वाटलं होतं, पुरं झाल्यासारखं. आणि आज इथं येताना, तिला आता कळत होतं, तिला सत्तर हवे होते, निदान छप्पन्न — म्हणजे दोष पंख्यांचा झाला असता, मार्टनचा झाला असता. त्रेपन्न आले. पन्नासच्या वर, पंचावन्नच्या खाली. नेमके तिनं वाढवलेल्या जागेत.

"कुणी बदलला ग नियम?" आर्डिसनं विचारलं. रागानं नाही, गल्लीत नवं कोण राहायला आलं हे विचारावं तसं.

'मर्यादा वाढविण्यात आली' — अठरा वर्षांच्या सरावानं वाक्य जिभेवर तयार होतं. कर्ता नसलेलं, स्वच्छ. नोरीननं ते गिळलं. मी, हा एवढाच शब्द म्हणायचा होता, आणि तो म्हणायला आपण भीत नाही आहोत, हे पाहून तिला नवल वाटलं. भीती निराळीच होती. समोर ही म्हातारी, सुरकुतलेला हात टेबलावरून अर्ध्यापर्यंत पुढे आलेला — ती ऐकून घेईल, आणि मग म्हणेल, जाऊ दे ग, तुला तरी काय ठाऊक... म्हणेलच ती. तिच्या चेहऱ्यावर ते आत्ताच उमटू लागलं होतं.

आणि ती माफी ऐकून घ्यायची ताकद नोरीनमध्ये नव्हती.