चौघे थकले असतील का?

“प्रश्न विचारायचा आणि उत्तर छापायचं नाही? म्हणजे ताप मोजायचा आणि गोळी द्यायची नाही!” थोरल्या जाऊबाईंनी नवी पुस्तिका पालथी ठेवली आणि चष्मा काढला.

आमच्या लूथरन चर्चच्या मंडळीच्या कमिटीला बायबल अभ्यासाची पुस्तकं निवडायची होती. एकीकडे जुनी प्रश्नोत्तरं, दुसरीकडे ही नवी. जी ठरतील तीच देवळातल्या वर्गाला आणि तीच इस्पितळाच्या आवारात, पेशंटच्या नातेवाइकांच्या शेडमध्ये चालणाऱ्या वर्गाला. शेडमधला वर्ग जाऊबाईंचा. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी तो एकदाही चुकवला नव्हता. प्रश्नोत्तरं त्यांना तोंडपाठ होती. नवी पुस्तकं आली तर वर्ग हातचा जाणार, हे त्यांनाही कळत होतं.

“सिस्टर, शुक्रवारी दोन्ही वाचून बघू या,” तरुण पाळक नरमाईने म्हणाले.

“बघा की. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

शुक्रवारी मीही सोबत गेले. धडा एकच होता. लुळ्या पडलेल्या माणसाला चौघे जण खाटेसकट उचलून आणतात, गर्दीमुळे वाट मिळत नाही म्हणून छप्पर उघडून खाली सोडतात. हाताच्या खुर्चीत ताठ बसून जाऊबाईंनी विचारलं, “त्याला कोणी बरं केलं?”

“येशूने!” बायका एका सुरात म्हणाल्या. एकीने तर कपड्यांची घडी घालता घालताच उत्तर दिलं. जाऊबाईंनी पाळकांकडे पाहिलं; झालं ना समाधान?

मग पाळकांनी नवी पुस्तिका उघडली. “उचलून आणणारे ते चौघे थकले असतील का?”

कोपऱ्यात थर्मास घेऊन एक बाई बसायची. नवरा कित्येक महिने वॉर्डात. ती बाकासाठी यायची, वर्गासाठी नाही. तिचा आवाजही आम्ही ऐकला नव्हता.

“थकणार नाहीत तर काय,” ती म्हणाली. “पण सांगणार कुणाला? खाटेवरच्याला?”

जाऊबाईंनी सवयीने उत्तरासाठी नव्या पुस्तिकेचं पान उलटलं. तिथे काही नव्हतं. मला आमचे थोरले दीर आठवले. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले. जाऊबाई ड्यूटीवरून यायच्या, पदर खोचायच्या आणि त्यांना कुशीवर वळवायच्या. कशा आहात, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, “देव चालवतो.” बस, एवढंच.

कमिटी पुन्हा बसली. खजिनदार म्हणाले, “उगाच वेळ कशाला? सिस्टर म्हणतात तीच, जुनीच घेऊ.”

“नवी घ्या,” जाऊबाई म्हणाल्या.

“आणि शेडचा वर्ग?”

“पाळकसाहेब घेतील. मला उत्तरं येतात, बाबा. गप्प बसायला आता या वयात शिकावं लागेल.”

“सिस्टर आणि गप्प!” खजिनदार हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

पुढच्या शुक्रवारी हाताची खुर्ची त्यांनी स्वतःच पाळकांसाठी पुढे ओढून दिली आणि कोपऱ्यातल्या बाकावर त्या बाईशेजारी जाऊन बसल्या. पाळकांनी प्रश्न वाचला. जाऊबाईंचे ओठ हलले, पण उत्तर त्यांनी तोंडातच ठेवलं. बाईच्या मांडीवरचा थर्मास हळूच उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

दोन्ही हात मोकळे झालेली ती बाई बोलू लागली.