वरचं नाव

मालविका सकाळपासून संगणकासमोरून उठली नव्हती. लातूरच्या क्लासेससाठी तिनं आणि श्रीपादसरांनी बनवलेलं प्रवेशाचं सॉफ्टवेअर हैदराबादची एक कंपनी विकत घ्यायला निघाली होती. संध्याकाळपर्यंत कोड तपासणीला पाठवायचा होता. त्यातली ओळ न् ओळ आमची किंवा रीतसर परवान्याची आहे, या हमीपत्रावर सही मात्र एकट्या मालविकाची.

घोडं एकाच जागी अडलं होतं. एकाच मुलाचे दोन अर्ज आले, तर नावं कितपत जुळतात ते मोजणारा तुकडा नेटवरून उचललेला होता. त्याची अट अशी, की विकलंत तर तुमचाही सगळा कोड खुला करा. हे कळलं असतं तर हैदराबादवाले आल्या पावली परत गेले असते.

मग तिची शोधाशोध सुरू झाली. एक कोड सुरेख, पण फक्त अभ्यासापुरता. दुसऱ्याला परवानाच नाही, आणि परवाना नाही म्हणजे मोकळं रान नव्हे. दुपारी मनाजोगता सापडला. लिहिणाऱ्याची अट एवढीच: विका, बदला, फक्त माझं नाव आणि हा परवाना वर राहू द्या. देवच पावला. जुना तुकडा काढून तिनं नवा बसवला, आणि सरांना पाठवायला सांगून औशाहून येणाऱ्या आईला आणायला स्टँडवर गेली.

परतली तेव्हा सर खुशीत होते. "दिलो पाठवून. वर कुणा भलत्याचंच नाव होतं, तेवढं काढून टाकलो."

सर भूकंपानंतरच्या लातुरात शिकलेले. दुसऱ्या क्लासच्या नोट्स मिळाल्या की क्लासचं नाव असलेलं पहिलं पान फाडायचं आणि मगच झेरॉक्सला द्यायचं, ही तेव्हाची रीत. त्यात कुणाला पाप दिसलं नाही.

"सर, तेवढंच तर मागितलं होतं त्यानं," मालविका म्हणाली. "फुकटचा माल तुम्ही चोरीचा केलात."

पुन्हा पाठवू, म्हणून ती विनवत राहिली. आता पाठवलं तर संशय येईल, कोण बघतंय, असं म्हणून सरांनी चहा मागवला. तिनं कप बाजूला सारला. तिकडची तपासणी दुसरं काय करते? जगभरच्या कोडशी आपला कितपत जुळतो, तेच मोजते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादहून मेल आला. सरांना नव्हे, तिला. त्यात कोड लिहिणाऱ्या त्या परक्या माणसाचं पूर्ण नाव होतं, आणि खाली एकच प्रश्न: हमीपत्रावरची सही आपलीच ना?