युरोपकडे पाठ करून

मागच्या वर्षी श्रीरामने युरोपचे फोटो दाखवले, तेव्हापासून प्रल्हादच्या पोटात दुखत होतं. श्रीराम त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, आता अमेरिकेत, प्लेनो गावात, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. त्याचे फोटो तरी कसले, निम्मे हललेले! तरी महिनाभर लोक त्याचंच कौतुक करत होते. म्हणून ग्रीन कार्ड हातात पडताच प्रल्हादने आधी लेन्स बदलता येणारा भारी कॅमेरा घेतला, मग तिकिटं काढली आणि मग बायकोला, वीणाला, येतेस का म्हणून विचारलं.

परत आल्यावर एका शनिवारी दुपारी फोटो पाहायला मंडळी त्याच्याकडे जमली. पॉटलकसाठी प्रत्येकाने घरून करून आणलेले ट्रे उघडायच्या आतच त्याने लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडला. आधी जेवण दिलं की लोक पेंगतात, हे तो श्रीरामच्या घरी स्वतः पेंगून शिकला होता.

फोटो खरंच सुरेख होते. ब्रुजचा कालवा, पुढे वीणा. व्हेनिसचा पूल, पुढे वीणा. अमाल्फीचा निळाशार समुद्र, डोंगराला चिकटलेली रंगीत घरं आणि पुढे गॉगल कपाळावर चढवलेली वीणा. ऊन कुठून येत होतं, किती वेळ थांबावं लागलं, सगळं प्रल्हाद रंगवून सांगत होता. श्रीराम गप्प बसला होता, म्हणजे सगळं उत्तम चाललं होतं.

घात केला श्रीरामच्या वडिलांनी. गुरुनाथकाका नागपूरहून मुलाकडे राहायला आले होते आणि त्यांना मनापासून चौकशी करायची वाईट सवय होती. हा समुद्र प्रत्यक्षात कसा वाटला, असं त्यांनी विचारलं, आणि तेही वीणाला.

"खरं सांगू का काका? मी पाहिलाच नाही," वीणा म्हणाली. "मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते."

सगळे हसले. प्रल्हादही हसला आणि त्याने घाईने पुढचा फोटो आणला. पण काका विषय सोडतील तर शपथ. मग तुझ्यासमोर काय होतं, म्हणाले.

झालं, वीणाची गाडी सुटली. अमाल्फीला समोरच्या गॅलरीत एक आजीबाई चादर वाळत घालत होत्या आणि आजोबा ती काढून स्वतःच्या पद्धतीने पुन्हा घालत होते. प्रल्हादच्या मनासारखा उजेड येईपर्यंत त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, समेट झाला आणि चादरही वाळली. ब्रुजला तर समोर नवऱ्यांची रांगच होती. देश वेगवेगळे, पण हात सगळ्यांचा सारखाच हलायचा, अजून थोडी डावीकडे सरक म्हणून. शेजारी उभ्या असलेल्या एका जपानी बाईशी वीणाची नुसत्या नजरेने मैत्री झाली. दोघींनी आपापल्या नवऱ्याबद्दल सगळं बोलून घेतलं.

श्रीरामच्या बायकोने, विनीताने, खुर्ची वळवून घेतली. हळूहळू सगळ्यांच्याच खुर्च्या वळल्या. प्रल्हादने सूर्यास्त दाखवला, ज्याच्यासाठी तो खडकावर पालथा पडला होता. कोणी मान वर केली नाही. श्रीराम आता मिशीत हसत होता. प्रल्हादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच घरात, आपल्याच बायकोने आपला शो बुडवला होता.

"पण यात प्रल्हाद कुठेच नाही," काका म्हणाले.

प्रल्हादने फोटो पुन्हा मागे नेऊन पाहिले. खरंच नव्हता. एवढ्या फोटोंत त्याची साधी सावलीही पडली नव्हती.

"तो माझ्यासमोर होता ना, काका," वीणा म्हणाली. "सगळीकडे. एक डोळा मिटलेला आणि जीभ बाहेर आलेली. अमेरिकेत आल्यापासून इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. म्हणून तर मी मान वळवली नाही."

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. प्रल्हादला एकदम लाज वाटली आणि बायकोवर प्रेमही दाटून आलं. ते दडवायला त्याने अमाल्फीचा समुद्र आठवून पाहिला. आठवत होती ती नुसती चौकट आणि कॅमेऱ्यातले आकडे.

त्याने टीव्ही बंद केला आणि वीणाच्या खुर्चीपाशी कार्पेटवर मांडी घातली.

"आता व्हेनिसचं सांग," तो म्हणाला. "मी काहीच पाहिलेलं नाही."