सवतीचा टाक आणि साळूचं पोट

सत्तावन्न साली आळे गावात साळुबाईचं पोट बोलायला लागलं. दिवेलागणीला तिच्या नवऱ्याच्या, कुंडलिकच्या, अंगणात मुंगीला शिरायला जागा नसे. मी गेलो तेव्हा साळू घोंगडीवर पडलेली, शेजारी कुशाबा देवऋषी डफ बडवत होता. डफ थांबला. तिच्या पदराखालून आधी गुडगुड आणि मग कुणी लांबून कण्हावं तसा आवाज आला. मला त्याचं कारण ठाऊक होतं, तरी अंगावर काटा आला.

"धोंडा, राग हाये का गं?" कुंडलिकनं पोटाजवळ वाकून विचारलं.

पुन्हा गुडगुड. तो मान खाली घालून रडू लागला.

धोंडा म्हणजे त्याची वारलेली पहिली बायको. साळू तिच्या जागी आली तेव्हा रीतीप्रमाणे, मेलेल्या सवतीनं छळू नये म्हणून, तिच्या नावाचा चांदीचा टाक साळूच्या गळ्यात बांधला होता.

मी मंचरचा डॉक्टर. साळूला पुण्याला मीच पाठवलं होतं. मोठ्या आतड्याला आतून व्रण, दोन वर्षं रक्ताची हगवण, पोरीची हाडं तेवढी उरली होती. सर्जननी घाई केली नाही. आधी रक्त चढवलं, खाऊ घातलं, मग ते आतडं काढून लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून शिवलं आणि वर रबराची पिशवी बसवली. घरी पाठवताना ताकीद एकच, पाणी आणि मीठ भरपूर घ्यायचं. पाणी शोषणारं आतडंच गेलं होतं.

ऑपरेशनच्या वेळी गळ्यातला टाक काढून ठेवला होता. कुशाबाला तेवढं पुरलं.

"टाक निघाला, वाट मोकळी झाली," तो लोकांना सांगत होता. "धोंडा भोकातून आत शिरली. पाणी तोडा, मीठ तोडा. उद्या अवस, म्या मेणानं तोंड बुजवतो. कायमची जाईल."

जाणार होती खरी, पण धोंडा नव्हे. साळूची जीभ सुकली होती, डोळे खोल गेले होते. चिमटीत धरलेलं कातडं तसंच उभं राहत होतं.

कुशाबानं फुलपात्रात अंगारा टाकला, वर लिंबू पिळलं. फेस आला. हे तीर्थ आधी पाजायचं, मग बराच वेळ डफ, मग प्रश्न.

"कुशाबा, मलाही दे."

"डाक्टर, तुमची श्रद्धा न्हाई."

"पोट तर आहे."

लोक हसले, त्याला द्यावंच लागलं. राखेत खाण्याचा सोडा होता, चवीलाच कळला. मी म्हटलं, वाजव आता. तो वाजवून दमला तेव्हा माझी तपासायची नळी कुंडलिकच्या आईच्या, ठकूबाईच्या, कानात घातली आणि दुसरं टोक माझ्या पोटावर ठेवलं.

"अगं बया, हितं बी बोलती."

"आता तुमच्या पोटावर लावा."

म्हातारीनं लावून ऐकलं आणि नळी काढून कुंडलिकच्या कानात घातली.

मी सांगितलं, "आतडं सगळ्यांचंच बोलतं. सोडा-लिंबानं वारा धरला की जास्तच. साळूच्या आतड्याचं तोंड बाहेर आहे, म्हणून नळीशिवाय ऐकू येतं. ते बुजवलंत तर ती मरेल. पाणी तोडलंत तर उद्याची अवसही बघणार नाही."

कुंडलिकनं वर पाहिलं. "म्हंजे धोंडा आलीच न्हाई?"

"नाही," मी म्हणालो. त्याचं तोंड उतरलं.

साळूच नवऱ्याकडं बघत पुटपुटली, "अक्का आली असती तर मला तान्हेली ठिवली नसती. तिला बी पाणीच तोडलं व्हतं. पाणी पाणी करत गेली, तुमीच सांगता न्हवं?"

बाळंतपणाच्या तापात धोंडाबाईचं पाणी तोडायला सांगणारा देवऋषी हाच कुशाबा. अंगणात पुष्कळांना ते आठवत होतं. तो डफ उचलून निघाला. कुणी त्याला वाटही दिली नाही.

कुंडलिक आत जाऊन तांब्या आणि मिठाचा खडा घेऊन आला. साळूचं डोकं मांडीवर घेऊन तो तिला घोट घोट पाजत राहिला. मग देव्हाऱ्यातला टाक आणला आणि माझ्याकडं बघत घुटमळला.

"बांधा," साळू म्हणाली. "अक्काशी माझं काय वाकडं न्हाई."

साळू वाचली. पुढं मंचरला आली ती स्वतःच्या पायांनी.

धोंडाबाई मात्र गेली ती गेलीच, आणि ते मला अजून सलतं. मेलेल्याच्या नावानं जित्या माणसाचं पाणी तोडायला कुणी सांगितलं, तर लोकहो, आधी त्याला एवढंच विचारा, मागच्या वेळी तोडलं तेव्हा काय झालं होतं?