पश्चिमेच्या कुंपणावरचं झाकण

मार्नाचं पत्र सप्टेंबरात आलं होतं, आणि ऑर्लन टिबेट्सने त्याला उत्तर दिलं नव्हतं. फोनवर बाप 'हो, हो' म्हणतो आणि ठेवून देतो, हे ठाऊक असल्यामुळे लेकीने मुद्दाम कागदावर लिहिलं होतं. 'बाबा, हिवाळ्याआधी टूसॉनला माझ्याकडे राहायला या. घर विकून टाकू. येणार की नाही, तेवढं एकदा लिहा.' त्याने दोनचारदा लिहायला घेतलं. 'येत नाही' असं लिहिलं की ते उद्धट वाटायचं, आणि 'येतो' हा शब्द तर हातून उतरायचाच नाही. शेवटी पत्र एका जाड पुस्तकात गेलं आणि पुस्तक पश्चिमेच्या खिडकीपाशी.

तिथे बरीच पुस्तकं होती. गॅनन फ्लॅट या माळावरच्या गावात वारा पश्चिमेकडून येतो, तो येतच राहतो. लोक पश्चिमेच्या खिडक्यांना फळ्या ठोकतात, कुणी गाद्या लावतात. ऑर्लनने शाळेतून निवृत्त झाल्यावर खिडकीला प्लास्टिक ताणून समोर पुस्तकांची भिंत रचली होती. घरांची दारं सगळी पूर्वेला, आडोशाच्या बाजूला.

पण त्या पत्रातलं एक वाक्य त्याला डाचत होतं. 'ऑगस्टमध्ये पायरीवर पडलात, तेही मला सांगितलं नाहीत.' पडला होता, खरं. पण त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मग हिला कळलं कसं?

दाराची पायरी घराच्या कडेला उतरायची; ती दिसेल असं घर एकच होतं. आर्लिस बोमनचं, पश्चिमेला, मोकळ्या माळापलीकडे. आर्लिस सत्तरीची, एकटी. तिचा एक म्हातारा घोडा होता, आणि आवाज असा की वाऱ्याच्या वरून ऐकू जावा. ऑक्टोबरपासून ऑर्लन तिच्यावर नजर ठेवू लागला. ती आपल्यावर नजर ठेवते का, हे पाहायला. सकाळी ती घोड्याला गवत घालताना हमखास या बाजूला बघायची. एकदा पोस्टात सगळ्यांदेखत म्हणाली, "काय मास्तर, लेक बरी आहे ना? आणि गुडघा?"

गुडघा! त्याने 'बरा आहे' म्हणून मान खाली घातली आणि घरी येईपर्यंत मनात उत्तरं जुळवत राहिला. मार्नाने हिला आपल्यावर पाळतीला बसवलंय, हे त्याला आता स्पष्ट दिसत होतं. म्हातारा चुकला, विसरला, पडला, की कळवायचं. पुरेसं जमलं की मार्ना येणार, सामान बांधणार आणि त्याला त्या उन्हाच्या गावी घेऊन जाणार, जिथे तो कुणालाच ओळखत नव्हता. कधी वाटायचं, आपणच संशयी झालो असू. म्हातारपणी होतं असं, वाचलं होतं त्याने. मग पुन्हा पुस्तकांमधल्या फटीला डोळा लावायचा.

जानेवारीत झाकण गेलं.

कचऱ्याच्या डब्याचं पत्र्याचं झाकण, त्यावर लाल रंगाने 'टिबेट्स' लिहिलेलं. झाकणावर दगड ठेवल्याशिवाय या गावात कुणी झोपत नाही. दगड खाली पडलेला होता. झाकण उडालं तर ते पूर्वेच्या शेजारी हॅन्सेकांच्या कुंपणाच्या तारेत अडकणार, आणि हॅन्सेक ते खांबाला टांगून ठेवणार. वाऱ्याने आणलेली वस्तू खांबाला टांगायची, मालकाने येऊन न्यायची, अशी इथली रीत. आर्लिसचे टॉवेल, बादल्या, एकदा तर अख्खी खुर्ची ऑर्लनच्या तारेत आली होती. त्याचं मात्र कधीच काही तिच्याकडे गेलं नव्हतं. जाणार कसं?

हॅन्सेकांच्या खांबावर काही नव्हतं. मागे वळला तर झाकण आर्लिसच्या खांबावर लटकत होतं. पश्चिमेला.

तो जागीच थबकला. हवा त्या सकाळी विचित्र पडली होती, गावावर कुणी हात ठेवावा तशी. पण त्याचं लक्ष हवेकडे नव्हतं. झाकण वाऱ्याच्या उलट गेलं, म्हणजे कुणीतरी नेलं. दगड काढला, डबा उघडला. आपण काय खातो, किती टाकतो, औषधाच्या बाटल्या किती, हे पाहिलं असणार. लाज आणि राग दोन्ही त्याच्या कानांपर्यंत चढले.

तो माळ ओलांडून गेला. आर्लिस घोड्याला आत बांधत होती. एरवी दिवसभर बाहेर असायचा तो.

"तुमचं झाकण घेऊन जा, ऑर्लन!" ती ओरडली. "सकाळी तारेत सापडलं."

"सापडलं," ऑर्लन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "वाऱ्याने आणलं असेल."

"मग काय मी आणलं?"

"या गावात वारा पूर्वेकडून कधी वाहतो, आर्लिसबाई?"

तिने वर आभाळाकडे पाहिलं. "वाहतो की. कधीतरीच वाहतो, पण जेव्हा वाहतो..."

"राहू द्या." त्याने झाकण ओढून घेतलं. पंचवीस वर्षं वर्गात उभं राहूनही त्याने कुणाला असं तोडलं नव्हतं.

"अहो, ऐका तरी! फावडं घरात घ्या! लाकडंही!" ती मागून ओरडत राहिली. "मास्तर! फावडं!"

आता फावडं कुठे ठेवायचं तेही ही सांगणार, असं मनाशी म्हणत तो चालत राहिला. फावडं मागच्या छपरीत होतं. तिथेच राहू दे. झाकण मात्र त्याने घरात आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं, मार्नाला दाखवायला पुरावा म्हणून.

संध्याकाळी बर्फ सुरू झाला. इथला नेहमीचा बर्फ आडवा येतो आणि आडवाच निघून जातो, माळावर काही साचत नाही. हा तसा नव्हता. जड होता, आणि पूर्वेकडून येत होता. ऑर्लन दार उघडून उभा राहिला तर बर्फ सरळ तोंडावर आला. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. वारा आदल्या रात्रीच फिरला होता. झाकण त्यानेच नेलं होतं. तीन दशकं इथे काढून आपल्याला हे कळू नये, आणि आर्लिस सांगत होती तेव्हा आपण पाठ फिरवावी! तो बराच वेळ टेबलापाशी बसून झाकणाकडे पाहत राहिला.

सकाळी बाहेरचं जाळीचं दार हलेना. ते बाहेर उघडायचं, आणि बाहेर बर्फ छातीएवढा होता. फावडं छपरीत. त्याने खांदा लावून पाहिला, मग स्टोव्हजवळ बसला. लाकूड अजून पुरणार होतं. वाट पाहिली असती तरी चाललं असतं. पश्चिमेच्या पुस्तकांमधल्या फटीतून त्याने सवयीने आर्लिसच्या घराकडे पाहिलं. धुराड्यातून धूर नव्हता. तिच्याकडे रोज त्याच्याआधी धूर दिसायचा, हे त्याला अगदी नीट ठाऊक होतं. इतके महिने दुसरं केलं काय होतं?

त्याने पुस्तकं उतरवायला घेतली. इतिहास, प्रवास, कोश, ढीगच्या ढीग. मार्नाचं पत्र त्यातून निसटून जमिनीवर पडलं. ते उचलून खिशात घातलं, प्लास्टिक फाडलं, खिडकी वर सरकवली आणि एक पाय बाहेर टाकला. गुडघा बोलला. पश्चिमेच्या बाजूला जमीन जवळजवळ उघडी होती, पण छपरीचं दार पूर्वेलाच, बर्फाखाली. आधाराला काही हवं म्हणून आत हात घालून त्याने जवळच्या टेबलावरचं झाकण घेतलं.

आर्लिसचं दारही पूर्वेलाच, आणि पुरतं गाडलं गेलेलं. त्याने झाकण दोन्ही हातांत धरून खरवडायला सुरुवात केली. ओंजळीने विहीर उपसावी तसं ते काम होतं. दम लागला की थांबायचा, पुन्हा खरवडायचा.

आतून आवाज आला. "कोण आहे?"

"मी. ऑर्लन."

"फावडं आणलंत?"

"झाकण आणलंय."

 मग ती हसायला लागली, खोकला येईपर्यंत. "माझं फावडं इथे माझ्या हातात आहे हो! आणि दार उघडत नाही. लाकडं बाहेर ठेवली मूर्खासारखी. तुम्हाला सांगत बसले आणि स्वतः विसरले!"

दार वीतभर उघडलं तसं तिने फटीतून फावडं बाहेर दिलं. मग काम झपाट्याने झालं.

स्टोव्ह पेटल्यावर तिने कालची राजम्याची तिखट आमटी गरम केली, सोबत दालचिनीचा रोल ठेवला. ऑर्लनने चमचा उचलला आणि परत खाली ठेवला.

"मार्नाचा तुम्हाला फोन येतो?"

"दर रविवारी," आर्लिस सहज म्हणाली. "बाबा जेवतात का, विचारते. मी म्हणते, मला काय माहीत, बहुतेक पुस्तकं खात असतील."

"आणि पायरीचं?"

"मीच सांगितलं. पडलात, उठलात, आणि पहिल्यांदा काय केलंत? कुणी पाहिलं का ते पाहिलंत. मग पुस्तक उचललंत. गुडघ्याकडे शेवटी बघितलंत."

म्हणजे संशय अगदीच खोटा नव्हता. पण आता त्याला राग आणायला जागा सापडेना. "मी समजलो, झाकण तुम्ही..."

"समजलात ते दिसलं." तिने रोल त्याच्याकडे सरकवला. "तुमचा डबा उघडून मी काय शोधू? माझाच कचरा मला पुरतो."

"मग आता तिला काय सांगणार? कालचं?"

"मी काही सांगत नाही. कंटाळले मी मधे पडून. लेक तुमची, तुम्हीच काय ते सांगा."

रस्ता मोकळा व्हायला बरेच दिवस लागले. तोवर ऑर्लनने कागदावर कागद फाडले. शेवटी राहिलं ते एवढंच:

'मार्ना, मी येत नाही. या हिवाळ्यात तरी नाही. वारा फिरला होता आणि मला ते कळलं नाही, त्यामुळे घरात अडकलो. मग खिडकीतून बाहेर पडलो आणि आर्लिसचं दार उकरलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही लिहितो. वसंतात ये. चार दिवस राहा, मी कसा राहतो ते डोळ्यांनी बघ, आणि मग पुन्हा विचार. तेव्हा मी उत्तर देईन. उशीर झाला. बाबा.'

त्याला ते फार कोरडं वाटलं. नीट केलं तर पुन्हा पुस्तकात जाईल, हेही वाटलं. म्हणून त्याने पाकीट चिकटवलं.

त्या दिवशी वारा परत पश्चिमेकडून होता. पाकीट शर्टाच्या आत, छातीशी धरून तो पोस्टापर्यंत चालत गेला. आर्लिस तिकिटांच्या खिडकीपाशी उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पाकिटाकडे, आणि मुद्दाम पाठ करून भिंतीवरची जाहिरात वाचू लागली.

"बघा, बघा," ऑर्लन म्हणाला. "चालेल."

आणि त्याने पत्र पेटीत टाकलं.