रानात न्यायची बॅटरी

घड्याळवाल्याची धाकटी बहीण नवऱ्याबरोबर शहराच्या पार कडेला दोन खोल्या बांधून राहायला गेली, तेव्हा तो पहिल्यांदा तिच्याकडे गेला तो खांद्याला पाण्याची बाटली, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन. "रानात निघालोय," असं त्याने गल्लीत सगळ्यांना सांगितलं. तिच्या दारात उभं राहून भर दुपारी बॅटरी तिच्या तोंडावर धरली आणि म्हणाला, "बाई, इथे माणसं राहतात का?" बहीण पोट धरून हसली. तिचा नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा, अबोल माणूस, तोही हसला. बॅटरीत सेल नव्हते. चेष्टेला सेल लागत नाहीत, असं घड्याळवाल्याचं म्हणणं.

चेष्टा तिथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण एकदा हशा मिळाला की तीच गोष्ट झिजून जाईपर्यंत वापरायची, ही त्याची जुनी खोड. काठी आणि बाटली मागे पडली. बॅटरी मात्र बहिणीने दारामागच्या खिळ्याला अडकवून ठेवली, आणि तो आला की आधी ती काढून हातात घ्यायचा, उजेडात चाचपडत घरभर फिरायचा आणि म्हणायचा, "अगं, स्वयंपाकघर सापडेना." हळूहळू सगळ्या नातलगांत त्या घराला 'रान' हेच नाव पडलं. फोन केला तरी पहिला प्रश्न ठरलेला, "काय म्हणतंय रान? कोल्हे वगैरे बरे आहेत ना?"

खरं तर त्याच्या गल्लीच्या तोंडाशी जी बस थांबायची, तीच न बदलता बहिणीच्या घराजवळ जायची. पण रानात जायचं म्हणजे ते काय सहज थोडंच जाता येतं? आधी कळवायला हवं, मुक्कामाची पिशवी भरायला हवी, दुकानाला 'मालक बाहेरगावी गेले आहेत' ही पाटी लावायला हवी. एवढा सोहळा करायचा म्हटल्यावर जाणं वर्षातून एकदा व्हायचं, कधी तेही नाही. आणि प्रवासाला निघालेला माणूस जे करतो तेच तोही करायचा. बसमध्ये बसला की डोळे मिटून घ्यायचा, तो कंडक्टरने हाक मारली की उघडायचा.

त्याचं दुकान मुख्य चौकामागच्या गल्लीत होतं आणि दुकानाच्या वर राहायची खोली. दोघं बहीणभाऊ त्याच खोलीत वाढले. त्याच्या लग्नाचं राहूनच गेलं, बहिणीचं झालं. शहर म्हणजे आपण जन्मलो ती गल्ली आणि तिच्या आजूबाजूचं थोडंफार, असं मानणारी माणसं सगळीकडे असतात, तसा हा एक. गल्ली बदलत होती ते त्याला दिसत नव्हतं असं नाही. एकेक कुटुंब उठून गेलं आणि त्यांच्या घरांत मालाची खोकी येऊन बसली. खालच्या दुकानांची ऑफिसं झाली. संध्याकाळी ऑफिसं बंद झाली की चिटपाखरू नसायचं. गल्लीतला दिवा गेला तो गेलाच, कारण तक्रार करायला कोणी उरलं नव्हतं. तरी घड्याळवाला ऐटीत म्हणायचा, "आपण शहराच्या पोटात राहतो."

लिफ्टवाले मेहुणे वारले. वर्षभराने बहीण एकदा दुकानात आली, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दादा, वरची खोली तशीच रिकामी आहे. ह्यांनी बांधायला घेतली तेव्हाच म्हणाले होते, दादांना उपयोगी पडेल. जिना वेगळा आहे. कोपऱ्यावर दुकानाला गाळाही मिळेल. ये ना राहायला."

त्याच्या डोळ्याला भिंग होतं. ते न काढताच तो म्हणाला, "रानात घड्याळ कोण घालतं गं? तिथे लोक कोंबड्यावर उठतात."

दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते मोठ्याने हसलं. बहीणही हसली, पण जरा उशिरा. तो उशीर घड्याळवाल्याच्या लक्षात आला होता. घड्याळ क्षणभर मागे पडलं तरी ज्याला कळतं, त्याला बहिणीचं हसू मागे पडलेलं कळणार नाही होय? कळलं. त्याने कानाडोळा केला.

मग यंदा त्याला ताप आला. साधा तापच, पण उतरेना. तो वर खोलीत पडून राहिला आणि खाली दुकान बंद. बंद का, असं विचारायला एकही माणूस जिना चढून आला नाही. रात्री घशाला कोरड पडायची आणि उठवायचं नाही. आपण इथे मेलो तर वासावरून कळेल, हा विचार त्याच्या मनात आला. चेष्टा करायला समोर कोणी नव्हतं, म्हणून असेल, त्याला त्या दिवसांत पहिल्यांदा बहिणीचं बोलणं नीट ऐकू आलं. बरं वाटताच त्याने हत्यारांची छोटी पेटी पिशवीत घातली. पाटी लावली नाही. न कळवताच तो बसमध्ये बसला.

त्या दिवशी त्याला झोप आली नाही. शहर संपतं ती जागा बघून ठेवावी म्हणून तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. ती काही सापडेना. दुकानं, क्लासच्या पाट्या, बँकेसमोरची रांग, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. मग एक नाला आला, भंगाराचं आवार आलं, त्यामागे भाजीचे हिरवे वाफे आणि खुंटाला बांधलेली शेळी. आलं रान, असं मनात म्हणेपर्यंत पुन्हा इमारती सुरू झाल्या आणि बसमध्ये इतकी माणसं चढली की त्याला पिशवी मांडीवर घ्यावी लागली. त्याच्या गल्लीत महिन्याभरात एवढी माणसं दिसली नसती.

बहिणीच्या घरासमोर एक मोकळा प्लॉट असायचा, झुडपं वाढलेला. "हे बघ, जंगल," असं म्हणायला तो दरवेळी उपयोगी पडायचा. तिथे आता तीन मजली दवाखाना उभा होता. घराच्या वरच्या खोलीबाहेर दोरीवर पांढरे गणवेश वाळत होते. ते बघून तो थबकला, पण बहिणीनेच कोणाचे तरी धुवायला घेतले असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

दार ढकलून सवयीने त्याचा हात दारामागच्या बॅटरीकडे गेला. बहिणीने ओठावर बोट ठेवलं. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर लहान मुलं ओळीने झोपली होती.

"पाळणाघर," ती हळूच म्हणाली. "यांच्या आया कामाला जातात. चल, आत बस. फोन नाही केलास तो?"

"सहज आलो."

"सहज?" तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "बरा आहेस ना? वाळलास किती."

"ताप होता जरासा. वर कोण आलंय?"

"नर्सबाई आहेत, समोरच्या दवाखान्यातल्या. त्यांची आई असते बरोबर. मागच्याच महिन्यात दिली खोली."

"दिलीस?"

"किती दिवस रिकामी ठेवणार, दादा?"

"मला एकदा विचारायचंस तरी."

"विचारलं होतं," बहीण म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला भांडता तरी आलं असतं.

"चेष्टा केली होती गं मी."

"माहितीये मला. पण दरवेळी चेष्टाच केलीस. ह्यांना लागायचं ते. सुट्टीच्या दिवशी विटा वाहून बांधलं होतं हे घर. मला म्हणायचे, तुझ्या दादाला एकदा सांग, आपणही शहरातच राहतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू हसत यायचास. तेवढंच बरं वाटायचं मला. सांगितलं असतं तर येणंच बंद केलं असतंस तू. ओळखत नाही का मी तुला?"

अबोल मेहुण्यांचा दरवेळचा हसरा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला, आणि ते हसू खरं नव्हतं हे आता कळून काही उपयोग नव्हता. बाहेर एक मूल रडत उठलं. बहीण त्याला खांद्यावर घेऊन थोपटू लागली आणि तेवढ्यात तिची नजर पिशवीकडे गेली. "मुक्कामाची पिशवी का? आज जरा अडचण होईल रे, पण करू काहीतरी."

"छे. वाटेत एका गिऱ्हाइकाचं काम आहे, त्याची हत्यारं आहेत," तो म्हणाला. हे खोटं बोलायला त्याला क्षणही लागला नाही.

मुलांना न्यायला आया येऊ लागल्या तसा तो उठला. रस्त्यावर दिवे लागले होते, समोरच्या औषधांच्या दुकानात गर्दी होती. बहिणीने खिळ्यावरची बॅटरी काढून त्याच्या पिशवीत घातली.

"इथे काय करायचीय ती? घेऊन जा. तुझ्या जिन्यात अंधार असतो. मागे आले होते तेव्हा पडता पडता वाचले मी. आणि पोचलास की फोन कर."

ती टोमणा मारत नव्हती, खरंच काळजीने सांगत होती. टोमणा असता तर त्याला हसून उडवता आला असता.

तो गल्लीत उतरला तेव्हा सगळी शटरं खाली होती. जिन्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. बॅटरी हातात घेऊन तो उभा राहिला. इतकी वर्षं ती नाचवली, पण बटण कधी दाबलं नव्हतं. सेल नाहीत हे माहीत असूनही त्याने दाबलं.

जिन्याच्या पायऱ्या वरपर्यंत लख्ख दिसल्या.

त्याने खालच्याच पायरीवर बसून बहिणीला फोन लावला. "पोचलो. हिच्यात सेल आहेत?"

"म्हणजे काय! तू पहिल्यांदा आलास तेव्हाच घातले मी. तेव्हा आमच्याकडे खरंच दिवे नव्हते, परत जाताना लागेल म्हटलं तुला. मग बदलत गेले, गळू नयेत म्हणून. तू कधी लावून बघितलीच नाहीस?"

"नाही." त्याने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाला, "मी आज राहायला आलो होतो गं. हत्यारं त्याचसाठी होती."

पलीकडे वरच्या खोलीत नर्सबाईंची आई चालत असावी, तिची पावलं फोनमध्ये ऐकू येत होती.

"दादा, त्यांना मी तीन वर्षांचा शब्द दिलाय," बहीण म्हणाली. "जिना चढलास का?"

"चढतो आता."

"मग बॅटरी बंद करू नकोस. वर जाईपर्यंत मी आहे फोनवर."