रुपेरी अंगारा

दर गुरुवारी तेर गावच्या माळावर रुपेरीबाबाच्या मठापुढे सकाळपासून रांग लागायची. धुनीतल्या अंगाऱ्यात चांदीसारखे कण चमकत, आणि ते बघायला माणसं टाचा उंचावून उभी राहत. बाबा चिमूट वर धरून ओरडे, "शेणी तुमच्या, लाकडं तुमची, मग ही चांदी कुठनं आली? वरनं आली! जिभंवर ठिवा, गुडघं पळाय लागतील!" गुडघे खरोखरच चालू लागत. मग बाबाला आणखी काय पाहिजे?

कस्तुराबाईंचेही गुडघे चार दिवसांत मोकळे झाले. मग त्यांनी तोच अंगारा लेकीलाही सुरू केला. शिवांजली पाच हजार मीटर पळायची. सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरांना "मी खेळाडू आहे" असं सांगितल्याशिवाय घ्यायची नाही, हे तिला धावणं शिकवणाऱ्या महारुद्र सरांनी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. खोकल्याच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याखेरीज ती झाकण उघडत नसे. पण अंगाऱ्याच्या पुडीवर कुठलं आलंय अक्षर! शर्यतीच्या सकाळी आईने चिमूट पुढे केली आणि तिने डोळे मिटून जीभ बाहेर काढली.

राज्य स्पर्धेत तिने रौप्यपदक जिंकलं. लघवीचा नमुना देताना, सात दिवसांत घेतलेल्या औषधांच्या रकान्यात तिने मनापासून लिहिलं : काही नाही.

दीड महिन्याने पत्र आलं. नमुन्यात प्रेडनिसोलोन सापडलं होतं. ते स्टिरॉइड होतं, आणि स्पर्धेच्या काळात पोटात घ्यायला बंदी असलेलं. पदक जाणार, वर दोन वर्षांची बंदी. पोरगी गोळ्या खाऊन पळत होती म्हणे, अशी गावात कुजबुज सुरू झाली. शिवांजली दोन दिवस जेवली नाही.

"मुद्दाम घेतलं न्हाय, एवढ्यावर भागत नसतं," सर म्हणाले. "अंगात सापडलं की जबाबदार खेळाडूच. कुठनं आलं ते दाखवलं, तरच शिक्षा कमी हुईल."

ते मायलेकींना घेऊन धाराशिवला डॉ. अर्पिताकडे गेले. डॉक्टरांनी लेकीआधी आईकडेच निरखून पाहिलं.

"मावशी, चेहरा कधीपासून सुजलाय?"

"सूज न्हाय वो, अंगाला लागलंय. बाबाच्या अंगाऱ्यानं भूक लई लागती."

"रोज खाता? आणि ही?"

"व्हय, हिलाबी देते की. देवाचं हाय."

"चेहरा असा सुजणं, भूक वाढणं, हे स्टिरॉइडनेच होतं," डॉक्टर म्हणाल्या. शिवांजली आईकडे बघतच राहिली. कस्तुराबाईंना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडून पुडी टेबलावर ठेवली.

उरलेली पुडी प्रयोगशाळेत गेली. तिच्यातही प्रेडनिसोलोनच निघालं.

पुढच्या गुरुवारी शिवांजली चहाची गाळणी घेऊन मठात शिरली. सर आणि डॉक्टर सोबत होते. सगळ्यांसमोर तिने धुनीतला थंड अंगारा गाळला. गाळणीत रुपेरी कण राहिले, आणि त्यांत नखाएवढा एक अर्धवट जळका तुकडा. तो गोळ्यांच्या पाकिटाचा अॅल्युमिनियमचा कागद होता.

"बाबा, चांदी वरनं येती ना? मग हिच्यावर एक्सपायरीची तारीख कुणी छापली?"

बाबा गोळ्या कुटून अंगाऱ्यात मिसळत होता आणि रिकामी पाकिटं धुनीत जाळत होता. प्लास्टिक जळून जाई, कागदाचे कण उरत, आणि लोक त्यांनाच हात जोडत.

"देवाला तपासतीस व्हय गं?" बाबा गरजला.

"देवाला न्हाय, तुला तपासतीया," कस्तुराबाई पुढे आल्या. "म्या माझ्या हातानं पोरीला चारलं. ह्यात काय हाय, एवढं एकदाबी इचारलं न्हाय म्या."

पोलीस आले तेव्हा आतल्या खोलीत खलबत्ता आणि गोळ्यांचे खोके सापडले. लोक पुड्या फेकू लागले, तशा डॉक्टर ओरडल्या, "थांबा! हे औषध एकदम तुटलं तर माणूस कोसळतो. उद्या सगळे दवाखान्यात या, हळूहळू कमी करू. औषध वाईट नाही, मीही देते. पण नाव सांगून आणि मोजून देते."

शिवांजलीची बंदी एका वर्षावर आली. पदक गेलं ते गेलंच, आणि तो सगळा हंगाम तिने कुंपणाबाहेरून पाहिला.

आता कस्तुराबाई सरावानंतर तिच्या हातावर लाडू ठेवतात आणि तिने विचारायच्या आतच सांगतात, "शेंगदाणे, गूळ, तूप. दुसरं काय न्हाय." देणारा बाबा असो, डॉक्टर असो की आई, जिभेवर ठेवण्याआधी काय आहे ते विचारा. विचारल्याने देव बाटत नाही. न विचारल्याने एका पोरीचं वर्ष गेलं.